चारानं भागलेली थाप

मुलचेऱ्याकडे रस्ता वळतो त्या फाट्यावर माझा पानठेला आहे, आणि या ठेल्यावर एकदा वाघ येऊन बसला होता. बसला म्हणजे चक्क बाकड्यावर, गिऱ्हाइकासारखा, शेपूट आवरून. मी विचारलं, काय देऊ जी? त्यानं जबडा उघडला. पाहतो तर दाढेत बांबूची कमची अडकलेली. अडकित्त्यानं ओढून काढली. तेव्हापासून फाट्याच्या अर्ध्या कोसात त्यानं एक बकरी मारलेली नाही. ही गोष्ट मी तीस वर्षं सांगतो आहे. पहिल्या वर्षी तो वाघ नव्हता, तडस होता. आणि अगदी खरं काढायचं म्हटलं तर तडसही नव्हता, कोणाचा तरी चुकलेला कुत्रा होता आणि त्याच्या दाढेत काहीही नव्हतं.

माझं असंच आहे. गोष्ट माझ्या तोंडात गेली की खाऊनपिऊन जाडजूड होऊन बाहेर येते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात हे पहिल्यांदा मी सांगितलं, बाकीच्यांनी नंतर चोरलं. वैनगंगेत मी धरलेला मरळ मासा काठावर ओढला तेव्हा नदीचं पाणी हातभर उतरलं होतं. लोक खर्रा घ्यायला यायचे आणि गोष्ट ऐकून जायचे, की गोष्ट ऐकायला यायचे आणि खर्रा घेऊन जायचे, हे मला कधी कळलं नाही. आता कळून उपयोगही नाही.

माझा मोठा भाऊ मात्र वेगळ्या मातीचा. तो उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या ठिकाणी, मुन्शी असायचा. बाया जंगलातून पानांचे पुडे बांधून आणायच्या, एका पुड्यात सत्तर पानं. भाऊ पुडा नुसता हातात तोलायचा आणि म्हणायचा, बाई, यात तीन कमी आहेत. मोजलं की तीनच कमी निघायची. असा माणूस रोज संध्याकाळी माझ्या बाकड्याच्या टोकाला बसून माझ्या गोष्टी ऐकायचा. मधे बोलायचा नाही, हसायचाही नाही. मी आकडा सांगितला, की लोकांकडे पाहून उजव्या हाताची चार बोटं वर करायचा. म्हणजे चारानं भागा. मी म्हणालो चाळीस रानडुकरं, की त्याची चार बोटं. लोक लगेच म्हणायचे, दहा. आणि वाईट म्हणजे बहुतेक वेळा तेवढीच असायची. माझ्या खोटेपणाचंही त्यानं माप काढून ठेवलं होतं.

तर ही गोष्ट त्याची आहे. यातले आकडे मीच आधी भागून ठेवले आहेत, तुम्ही पुन्हा भागू नका.

माणूस मरायला टेकला की त्याचं करायचं काय, हे आमच्या लहानपणी सगळ्या गावाला पाठ होतं. आमचा आजा गेला तेव्हा मी दुसरीत होतो. त्याला खाटेवरून उतरवून भुईवर घेतला, खाली तणस, वर गोधडी. एक म्हातारी होती, तिचं कामच ते. ती यायची, तळपायाला हात लावायची, कानाची पाळी चिमटीत धरायची आणि सांगायची, आज नाई, उद्या दुपारून. मग ती आज्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, काय राह्यलं? आज्यानं सांगितलं. बांधावरून भांडलेल्या साळ्याचं नाव घेतलं. माणूस धाडला, साळा आला, त्यानं आज्याच्या तोंडात पाणी घातलं, आजा ते प्याला, आणि दोघं बांधाबद्दल अवाक्षर न काढता बसून राहिले. मग एकेक जण पाणी घालत गेला. लेकी, सुना, शेजारी, कोतवाल. मीही घातलं, पळसाच्या पानाच्या द्रोणातून. इतक्या जणांनी घातलं की आजा दुखण्यानं नाही, पाण्यानं गेला असावा असं मी पुढे वर्षानुवर्षं सांगत असे, आणि भाऊ बोटं दाखवत असे.

त्या काळाचं गुणगान गायला मी बसलेलो नाही. आज्याच्या पोटात कळ यायची तेव्हा तो असा ओरडायचा की गोठ्यातले बैल दावं तोडायला पाहायचे. त्यावर औषध एकच होतं, मोहाची दारू, आणि तीही पोटात ठरत नव्हती. पण एक होतं. आपण मरतो आहोत हे मरणाऱ्याला माहीत असायचं. ती बातमी सगळ्यात आधी त्याला मिळायची. त्याला आपल्या माणसांच्या हातचं शेवटचं पाणी पिता यायचं, आणि कोणाच्या हातचं राहिलं आहे ते मागता यायचं.

मग दवाखाने आले, रस्ते आले, सलाईन आलं. ते आले ते चांगलंच झालं, माझा स्वतःचा पोरगा सापाच्या दंशातून गडचिरोलीला वाचला. पण दवाखान्यात एक नवीनच रीत शिकलो आपण. डॉक्टर नातेवाइकाला दाराबाहेर बोलावतो आणि हळू आवाजात सांगतो. नातेवाईक आत येतो, तोंडावर हसू चिकटवतो आणि पेशंटला म्हणतो, काई नाई झालं. आता मरणाची बातमी सगळ्या गावाला असते, पानठेल्यावर असते, बसच्या कंडक्टरला असते. फक्त एका माणसाला नसते.

भावाच्या तोंडात पहिल्यांदा पांढरा चट्टा आला तेव्हा तो मलाच दाखवायला आला. मी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणालो, चुन्यानं भाजलं असेल. चुना माझाच. सुपारी माझी, तंबाखू माझा, प्लास्टिकच्या पन्नीत घालून लाकडी फळीवर घासघासून खर्रा घोटणारे हात माझे. सकाळी एक, जेवल्यावर एक, संध्याकाळी बाकड्यावर बसताना एक, आणि तो माझा भाऊ म्हणून त्याचा खर्रा मी जास्त घोटायचो, मऊ करून द्यायचो. गडचिरोलीच्या डॉक्टरनं त्याला स्वतःची बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला हवीत. त्याचं एकच गेलं, तेही अडकत. तिथून नागपूर, तिथे मशिनीखाली विजेचा शेक, महिनाभर. गालाची कातडी काळी पडली, मग आतून गाठ पुन्हा आली, आणि एक दिवस गालाला बाहेरून छिद्र पडलं. चहा पिताना चहा गालातून गळून छातीवर यायचा. नागपूरच्या डॉक्टरनं मला दाराबाहेर बोलावलं. चांगला माणूस होता, डोळे चुकवले नाहीत. म्हणाला, आता घरी न्या, सेवा करा.

सेवा करा. हे दोन शब्द आमच्या चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत आता सगळ्यांना कळतात. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, महिना, फार तर सव्वा.

घरी आणलं तेव्हा पोळा दोन दिवसांवर होता. वैनीनं मला अंगणात तुळशीपाशी बोलावून घेतलं. पंचेचाळीस वर्षं संसार केलेली बाई, डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाज मात्र घट्ट. तिनं ठरवून टाकलं होतं.

"त्याइले काई सांगाचं नाई. त्याईनं हाय खाल्ली त आठ दिवस बी निघणार नाई. तुमीच बोला त्याइच्याशी भावजी. आमाले बोलता येणार नाई. तुमाले जमते."

मला जमते. घरात एवढे लोक, पण खोटं बोलायची वेळ आली तेव्हा एकमतानं माझी निवड झाली, विरोधात एक मत नाही. सरपंचाचीही अशी बिनविरोध झाली नव्हती. आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तीस वर्षं जे फुकट वाटत होतो ते कोणीतरी मागून घेतलं.

आठवड्यातून दोनदा एक सिस्टर यायची, चिखलातून स्कूटी हाकत. एटापल्लीकडची पोरगी, घरात गोंडी बोलणारी, वय माझ्या धाकट्या लेकीएवढं. ती दुखण्याच्या गोळ्या आणायची. त्या गोळ्यांनी भावाची झोप परत आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं, यात भागाकार नाही. जखमेचा वास इतका असायचा की वैनी दिवसभर धूप जाळायची. ती सिस्टर दुसरीच कसली तरी गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायची, तोंडाला फडकं न बांधता, आणि दोन दिवसांत वास निम्मा व्हायचा. मी वाऱ्याची दिशा पाहून बसायचो. ती पाहत नव्हती.

नाकातून नळी घालून पाहिली. भावानं ती दोनदा ओढून काढली. तिसऱ्यांदा तिनं घातली नाही, म्हणाली, त्यांचं नाक, त्यांची मर्जी. जाताना मला स्कूटीपाशी थांबवून तिनं सगळं नीट समजावलं. गाठ घशाकडे चालली आहे. आज पातळ खीर जाते, दहा-पंधरा दिवसांनी पाण्याचा थेंब जाणार नाही. ज्यांच्या हातचं पाणी त्यांना प्यायचं असेल त्यांना आत्ता बोलवा, घसा चालू आहे तोवर. तिला आमची रीत माहीत होती. तिच्या गावातली रीत निराळी, पण मरणाऱ्याला विचारायचं हे तिकडेही होतं, म्हणाली, आता तिकडेही विचारत नाहीत, गाडीत घालून नेतात. मी सांगितलं, घरच्यांचं असं असं ठरलं आहे, त्याला कळू द्यायचं नाही. ती थोडा वेळ स्कूटीचा आरसा पुसत उभी राहिली.

"आपण होऊन सांगू नका काका. पण बाबांनी विचारलं, त खोटं सांगू नका. जो विचारते, त्याले काई तरी कराचं असते."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी कोणाला हरणार नाही.

आणि भावाला काय करायचं होतं ते मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

भावाला एकच मुलगी. नऊ वर्षांपूर्वी तिनं सिरोंच्याच्या पोराशी लग्न केलं, गोदावरीत जाळं टाकणाऱ्याशी, घरात तेलुगू, जात दुसरी. भाऊ लग्नाला गेला नाही. त्या दिवशी माझ्या ठेल्यावर येऊन बसला आणि एवढंच म्हणाला, मी काई जात नाई तिच्या घरी. बस. एवढंच. पण मला एवढ्यावर ती गोष्ट कशी सोडवणार? मी दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागलो, की भावानं लोटा भिंतीवर आपटला, हातात माती घेतली आणि गरजून म्हणाला, तिच्या हातचं पाणी या जन्मात पिणार नाही. गोष्ट चांगली होती. बसमधून ती आष्टीला गेली, आलापल्लीला गेली, सिरोंच्यापर्यंत पोचली. पुतणीनं ऐकली, आणि तिनं येणं सोडलं. भाऊही ऐकत होता बाकड्यावर बसून. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. त्यानं बोटं वर केली नाहीत. कदाचित त्या रागात त्याला ती गोष्ट स्वतःच्या शब्दांपेक्षा बरी वाटली असेल. एकदा चारचौघांत खोडली नाही म्हटल्यावर ती शपथ त्याची झाली, आणि तो मुन्शी माणूस, झालेल्या शपथेतून एक पान कमी करायचा नाही.

पोळा झाल्यावर आठवड्यानं, दुपारी, त्यानं मला छपरीत बोलावलं. वैनी शेताकडे गेली होती. ऊन पडलं होतं, समोर धानाला हिरवा रंग चढला होता, आणि तो भिंतीला टेकून बसला होता, गालाला दुपट्टा लावून. त्याचं बोलणं आता फाटक्या पिशवीतून यावं तसं यायचं, पण कळायचं.

तो म्हणाला, डॉक्टरनं तुले बाहेर बोलावलं होतं. मी म्हणालो, कागदावर सही पाहिजे होती. तो मग दुपट्टा बाजूला करून मला जखम दिसेल असा बसला. हे त्यानं मुद्दाम केलं.

"हे पाय. मी आतापर्यंत तुले कोणतीच गोष्ट खरी सांग असं म्हणलं नाई. आता म्हणून राह्यलो. मी जाणार असन त पोट्टीले बोलावतो. तिच्या हातचं पाणी पेतो, आन मोकळा होतो. जाणार नसन, त मंग काऊन झुकू मी? तिनं यावं. किती दिवस हायेत मले?"

असा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. घसा अजून चालू होता. सकाळीच त्यानं वाटीभर पेज गिळली होती. सिस्टरचं बोलणं माझ्या कानात होतं, वैनीचंही होतं. आणि या दोघींच्या मधे माझं स्वतःचं डोकं होतं, आणि त्यात भागाकार चालू होता.

कारण मला माहीत होतं, मी काहीही म्हणालो तरी तो चारानं भागणार. मी खरं सांगितलं, महिना, तर तो आठ दिवस समजणार. हे मी त्यानंतर कितीतरी लोकांना माझ्या बाजूनं सांगितलं आहे, की बघा, खरं सांगायची सोयच नव्हती. लोकांना पटतं. मला पटत नाही. आठ दिवस समजला असता तर त्याच संध्याकाळी फोन लावला असता त्यानं.

मी म्हणालो, "दिवस काय मोजतं भाऊ. डॉक्टर म्हणला, गाठ सुकून राह्यली. पाच वर्सं तुले काई होत नाई."

त्यानं उजवा हात वर केला. चार बोटं. सवयच ती, माझ्या तोंडून आकडा निघाला की हात आपोआप वर जायचा. पण या वेळी बोटं वर राहिली, आणि तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मी त्याचा हिशोब त्याच्या डोळ्यांत पाहू शकत होतो. पाच वर्षं भागिले चार. सव्वा वर्ष. डॉक्टरचा सव्वा महिना आणि त्याचं सव्वा वर्ष. मग त्यानं हात खाली घेतला.

"चारानं भागलं तरी म्होरचा पोळा दिसते मले," तो म्हणाला. "मंग काई घाई नाई. दिवाळीले पाहू."

आणि तो हसला. एका बाजूनंच, पण हसला.

तीस वर्षांत माझी एकही थाप त्या माणसापाशी खपली नव्हती. वाघ खपला नाही, मरळ खपला नाही, कोंबडीची अंडी खपली नाहीत. ही खपली. मी छपरीतून उठलो आणि ठेल्यावर आलो, आणि त्या दिवशी माझ्या गोष्टींना असा रंग चढला की मुलचेऱ्याचा मासे विकणारा बंगाली दादा हसून हसून बाकड्यावरून खाली पडला. मला त्या संध्याकाळची लाज सगळ्यात जास्त वाटते. गुन्हा करून माणूस लपतो. मी करून फुलून आलो होतो.

पुढचे दिवस भाऊ खुशीत होता. हे खोटं नाही. वैनी मला म्हणाली, पाहा, सांगितलं नाही तेच बरं केलं. तो धानाचा भाव विचारायचा, बांध कुठे फुटला ते विचारायचा, पुढच्या हंगामात फळीवर कोण मुन्शी नेमणार याची चौकशी करायचा. सिस्टरनं मला विचारलं, बाबांनी काही विचारलं का? मी म्हणालो, नाही. ती थापही खपली. एका आठवड्यात दोन. हात चांगला लागला होता माझा.

ती पोरगी आत गेली आणि स्वतःच त्याला विचारू लागली, बाबा, तुम्हाला काही माहिती करून घ्यायची आहे का? भावानं हात हलवला. म्हणाला, माह्या भावानं सांगतलं सगळं. ती बाहेर येऊन माझ्याकडे पाहत राहिली.  चप्पल घालताना तिच्या पायाला चप्पल सापडत नव्हती.

त्यानंतर बाराव्या-तेराव्या दिवशी सकाळी वैनीनं त्याला वाटीतून पाणी दिलं. त्यानं घोट घेतला. घोट आत गेला नाही. गालाच्या छिद्रातून बाहेर आला, थोडा नाकातून आला, आणि त्याला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. वैनीनं पाठ चोळली. तो शांत झाला. पुन्हा वाटीकडे हात केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं वाटी स्वतःच्या हातात घेतली, मान मागे टाकली, वरून ओतलं. आम्ही तिघंही ते पाणी त्याच्या छातीवरून खाली गोधडीत जाताना पाहत होतो.

मग त्यानं वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तेंदूचा पुडा हातात तोलताना पाहायचा तसं. किती कमी आहेत ते त्याला कळलं होतं. मी वाट पाहत होतो, हात वर होईल, बोटं दिसतील, शिवी देईल, दुपट्टा फेकून मारेल. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर त्यानं माझ्याकडे तोंड केलं नाही, आणि त्यानंतर तो कोणाशीच बोलला नाही.

त्याच दिवशी मी सिरोंच्याला फोन लावला. पण लगेच नाही. मी दुपारपर्यंत थांबलो, कारण पुतणीला काय सांगायचं ते जुळवत होतो. शेवटी जुळवलेलं काहीच तोंडातून आलं नाही, म्हणालो, ये. ती म्हणाली, काका, खरंच का? मी म्हणालो, खरंच. ती म्हणाली, तुम्ही मागे माझ्या सासऱ्याला वाघानं खाल्ल्याचं सांगितलं होतं फाट्यावर सगळ्यांना, तो ताडी पिऊन झोपला होता. मी म्हणालो, पोरी, ये. मग ती आईशी बोलली, आईच्या रडण्यावरून तिला पटलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं निघायचं ठरलं.

तो रस्ता कसा आहे ते ज्यांनी प्रवास केला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केला नाही ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तिसऱ्या प्रहरी ती उतरली. नऊ वर्षांत अंगानं भरली होती, केसांत अबोलीचा सुकलेला गजरा तसाच राहून गेलेला. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. गोदावरीचं पाणी. पहाटे नवऱ्यानं नाव आत घेऊन मधल्या धारेतून भरून आणलं होतं, काठावरचं गढूळ होतं म्हणून.

भाऊ तोवर डोळे उघडत नव्हता. श्वास दूर दूरून येत होता. सिस्टर बसलेली होती, गोळी जात नव्हती म्हणून ती कालपासून येऊन दंडाच्या कातडीत सुई लावत होती. दुखत नाहीये त्यांना, एवढं तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि मी त्या एका वाक्याला आजही धरून आहे. पुतणीनं बाटलीचं फडकं सोडलं. सिस्टरनं तिचा हात हळूच धरला, म्हणाली, ताई, चमच्यानं नको, श्वासात जाईल. कापसाचा बोळा दिला.

पुतणीनं बोळा बाटलीच्या पाण्यात बुडवला आणि ओठांवर धरला. पिळला. पाणी ओठांत गेलं, क्षणभर दिसेनासं झालं. आम्ही सगळे वाकलो. मग ते गालाच्या छिद्राशी आलं, तिथे थेंब झाला, आणि कानाकडून उशीत उतरलं. तिनं पुन्हा बोळा बुडवला. पुन्हा तेच. ती थांबेना. वैनी म्हणाली, पुरे वं माय. उशीवर केवढा तरी डाग झाला होता, नदीच्या पाण्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर यायच्या आत भाऊ गेला. त्याला भुईवर घ्यायचंही राहिलं होतं. वैनीला वाटलं होतं, भुईवर घेतलं तर त्याला कळेल.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर पुतणी परत जायला निघाली. बस यायला वेळ होता, म्हणून माझ्या बाकड्याच्या टोकाला बसली, बरोबर त्याच्या जागी. मी ठेला उघडला नव्हता. तिनं मला विचारलं, बाबांनी कधी माझं नाव काढलं का? नऊ वर्षांत, एकदा तरी?

आणि मी ठरवलं, आता नाही. विचारणाऱ्याला खोटं सांगायचं नाही. मी तिला सगळं सांगितलं. लोटा आपटला नव्हता, माती हातात घेतली नव्हती, पाण्याची शपथ माझ्या डोक्यातून निघाली होती. पोळ्यानंतरची दुपार सांगितली. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगितलं, पोट्टीले बोलावतो, तिच्या हातचं पाणी पेतो. मी काय म्हणालो तेही सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही.  इतकी बारीक, हाडकुळी गोष्ट मी आयुष्यात कधी सांगितली नव्हती.

ती ऐकत होती. मधे बोलली नाही. तिचं बसणं अगदी त्याचं होतं. माझं संपल्यावर ती रस्त्याकडे पाहत म्हणाली,

"माह्या समाधानासाठी सांगून राह्यले ना काका?"

मी म्हणालो, नाई पोरी, तुझ्या बापाची शपथ. तिनं मान हलवली, न रागावता, दमल्यासारखी. बस लांबून दिसत होती. तिनं पिशवी उचलली, रिकामी बाटली बाकड्याखाली ठेवून दिली, आणि उठता उठता मांडीवरच, मला दिसेल न दिसेल अशी, उजव्या हाताची चार बोटं उघडली आणि मिटली.

बस गेली. मी अकरा दिवस ठेला बंद ठेवला. बाराव्या दिवशी उघडला, कारण फाट्यावर दुसरा ठेला लागला होता आणि माझी माणसं तिकडे जाऊन खर्रा खाऊ लागली होती. आता मीच घोटतो पुन्हा. लोक बसतात, गोष्ट सांगा म्हणतात, मी वाघाची सांगतो. ती बाटली अजून बाकड्याखाली आहे.